सुपरहिरो चित्रपटांतील स्वगत

सुपरहिरो चित्रपटांतील स्वगत म्हणजे अतिमानवी शक्ती असलेल्या किंवा मुखवटा धारण करणाऱ्या नायकाच्या मनातील विचार, कथेतील इतर पात्रांना ऐकू न जाता, त्याच्याच आवाजात प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत होय. चित्रकथेवरून चित्रपट तयार करताना या पद्धतीचा प्रश्न विशेषतः उद्भवतो. चित्रकथेच्या पानावर नायकाचे विचार छापील अक्षरांत दिसतात. पडद्यावर मात्र ते बोलून दाखवावे लागतात, कृतीतून सुचवावे लागतात किंवा वगळावे लागतात. नायकाचा चेहरा मुखवट्याआड असल्यामुळे अभिनयाचे एक मुख्य साधन कमी होते आणि ती उणीव आवाजाने भरून काढावी लागते. त्यामुळे नायकाच्या मनातले बोल कोणाला ऐकू जातात, हा प्रत्येक रूपांतरकाराला सोडवावा लागणारा प्रश्न ठरतो.

मराठीत या प्रकारासाठी 'स्वगत' ही संज्ञा संस्कृत नाट्यपरंपरेतून आलेली आहे. मराठी रंगभूमीवर स्वगताचा वापर, त्याला झालेला विरोध आणि त्याचे पुनरागमन असा मोठा इतिहास असल्याने या तंत्राच्या अभ्यासाला मराठीत पूर्वपीठिका उपलब्ध आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

स्वगत आणि निवेदन यांत फरक केला जातो. निवेदनात पात्र घडून गेलेली हकिकत श्रोत्याला सांगते, तर स्वगतात घटना घडत असतानाचा विचार प्रकट होतो. निवेदकाला कथेचा शेवट ठाऊक असतो. स्वगत बोलणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसते. प्रत्यक्ष चित्रपटांत हे दोन्ही प्रकार पुष्कळदा मिसळलेले आढळतात. आरंभी निवेदन म्हणून सुरू झालेला आवाज संकटाच्या प्रसंगी वर्तमानकाळात येतो आणि स्वगताचे रूप घेतो.

चित्रपटात स्वगत दोन प्रकारे येते. पहिल्या प्रकारात पात्र ओठ हलवून एकांतात बोलते. दुसऱ्या प्रकारात ओठ मिटलेले असतात व आवाज पार्श्वभूमीवर ऐकू येतो. लॉरेन्स ऑलिव्हिये यांनी १९४८ मध्ये दिग्दर्शित केलेल्या 'हॅम्लेट'मध्ये प्रसिद्ध स्वगताचा काही भाग ओठ मिटलेले ठेवून पार्श्वस्वरात ऐकवला आहे. रंगभूमीवर हे सहज शक्य नव्हते. १९४० च्या दशकातील अमेरिकी गुन्हेपटांनी, उदाहरणार्थ 'डबल इन्डेम्निटी' (१९४४), पार्श्वस्वरातील प्रथमपुरुषी कथन लोकप्रिय केले. पुढे काळोख्या शहरात एकट्याने वावरणाऱ्या मुखवटाधारी नायकाला हीच शैली लाभली.

ध्वनिमुद्रणातही फरक राखला जातो. दृश्यातील संवादांबरोबर खोलीचा किंवा रस्त्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. स्वगताचा आवाज मात्र ध्वनिग्राहक तोंडाजवळ ठेवून, प्रतिध्वनीविना मुद्रित केला जातो. त्यामुळे तो दृश्यातील जागेतून न येता थेट कानाशी बोलल्यासारखा वाटतो.

नाट्यशास्त्रातील वर्गीकरण

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त आत्मगत, जनांतिक, अपवारित आणि आकाशभाषित या भाषणप्रकारांचा विचार आहे. दहाव्या शतकातील धनंजयाच्या 'दशरूपका'त रंगमंचावरील भाषणाची विभागणी ते कोण ऐकतो यावरून केली आहे:

• सर्वश्राव्य (प्रकाश) – रंगमंचावरील सर्वांनी ऐकावे असे भाषण.
• अश्राव्य (स्वगत) – रंगमंचावरील कोणीही ऐकू नये असे भाषण.
• नियतश्राव्य – काहींनीच ऐकावे असे भाषण. याचे जनांतिक आणि अपवारित असे दोन भेद आहेत. जनांतिकात त्रिपताक हस्तमुद्रेचा आडोसा करून इतरांना वगळून बोलले जाते. अपवारितात पात्र वळून दुसऱ्याला गुपित सांगते.

यांखेरीज आकाशभाषितात पात्र रंगमंचावर नसलेल्या व्यक्तीशी बोलते आणि तिचे उत्तर आपणच ऐकल्यासारखे करून पुन्हा उच्चारते. 'भाण' हा एकपात्री रूपकप्रकार याच युक्तीवर उभा आहे.

हे वर्गीकरण सुपरहिरो चित्रपटांनाही लागू पडते. डायरीतला मजकूर वाचणारा बॅटमॅन स्वगत बोलतो. शिरस्त्राणाच्या आत यंत्रसहायकाशी बोलणारा आयर्न मॅन जनांतिकाच्या जवळ जातो. शरीरात शिरलेल्या परग्रहवासीयाशी वाद घालणारा एडी ब्रॉक पाहणाऱ्यांना आकाशभाषित बोलणाऱ्या नटासारखा भासतो. पडद्याबाहेर पाहून बोलणारा डेडपूल मात्र या चौकटीत पूर्णपणे बसत नाही, कारण तो प्रेक्षकाचे अस्तित्व उघडपणे मान्य करतो.

मराठी रंगभूमीवरील स्वगत

एकोणिसाव्या शतकात संस्कृत व इंग्रजी नाटकांच्या भाषांतरांतून स्वगत हा संकेत मराठी छापील नाटकांत रुळला. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आले. गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चे केलेले भाषांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाश्चात्त्य शोकांतिकेतील आत्मसंवाद मराठी वाचकांपुढे आला. संगीत नाटकात पदे हीसुद्धा अनेकदा स्वगताचे काम करीत. पात्राची मनःस्थिती गाण्यातून व्यक्त होत असताना शेजारी उभे असलेले पात्र ती ऐकत नाही, हा संकेत प्रेक्षकांनी स्वीकारलेला होता.

विसाव्या शतकात वास्तववादी नाटकाचा आग्रह धरणाऱ्यांनी या संकेतावर आक्षेप घेतला. माणसे प्रत्यक्ष जीवनात मोठ्याने विचार करीत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. ब्यर्नस्टयर्ने ब्यर्न्सन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवर आधारलेल्या या नाटकात वास्तवाशी विसंगत वाटणारे जुने संकेत टाळण्याकडे कल होता. पार्श्वस्वराविरुद्ध आजच्या चित्रपटसमीक्षेत येणारा आक्षेप मूलतः हाच आहे.

वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) स्वगताने पुन्हा मध्यवर्ती जागा घेतली. नायक अप्पासाहेब बेलवलकर हे निवृत्त नट असल्यामुळे त्यांचे मोठ्याने बोलणे पात्राच्या स्वभावातूनच येते. महेश मांजरेकर दिग्दर्शित याच नावाच्या चित्रपटात (२०१६) नाना पाटेकर यांनी ही भूमिका केली. स्वगताला पात्राच्या आयुष्यातच कारण असले की वास्तववादाचा आक्षेप सौम्य होतो, हे या नाटकावरून दिसते. सुपरहिरो चित्रपटांनीही तसाच मार्ग काढला आहे. त्यांनी नायकाला डायरी लिहायला लावली, त्याच्यासोबत सहायक यंत्र दिले किंवा त्याच्या डोक्यात दुसरा जीव घातला.

चित्रकथांतील अंतर्गत भाषण

चित्रकथेत बोललेला शब्द फुग्यात आणि मनातला विचार ढगासारख्या कडांच्या फुग्यात लिहिण्याची पद्धत होती. ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी'च्या १५ व्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडर-मॅन प्रथम वाचकांपुढे आणला. नायकाची भीती, अपराधगंड आणि घरखर्चाची चिंता हे पीटर पार्करच्या व्यक्तिरेखेचे वैशिष्ट्य ठरले आणि ती व्यक्त करण्यात विचारफुग्यांचा मोठा वाटा होता.

१९८० च्या दशकात विचारफुग्याची जागा चौकटीतील प्रथमपुरुषी मजकुराने घेण्यास सुरुवात झाली. फ्रँक मिलर यांच्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये (१९८६) आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी चित्रे काढलेल्या 'बॅटमॅन: इयर वन'मध्ये (१९८७) नायकाचे विचार अशा चौकटींतून येतात. 'इयर वन'मध्ये ब्रूस वेन आणि पोलीस अधिकारी गॉर्डन या दोघांचे स्वगत वेगवेगळ्या अक्षरवळणांत दिले आहे. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'मध्ये (१९८६–८७) रोरशाक या पात्राची रोजनिशी कथेचा भाग आहे.

मराठी वाचकांना मुखवटाधारी नायकाचा परिचय मुख्यतः 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे झाला. मुंबईहून १९६४ पासून निघणाऱ्या या मालिकेत ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' हा नायक मराठीत 'वेताळ' या नावाने वाचला जाई. वेताळाचे डोळे मुखवट्याआड कोरे, पांढरे दिसत. त्यामुळे त्याच्या मनाची कल्पना वाचकाला चित्रापेक्षा शब्दांतूनच अधिक येई.

रूपांतरातील अडचणी

चित्रकथेतील स्वगत चित्रपटात आणताना पुढील अडचणी येतात.

वेळ: वाचक आपल्या गतीने पान वाचतो. एका ठोशाच्या चित्राशेजारी पन्नास शब्दांचा विचार छापला तरी वाचकाला तो खटकत नाही. पडद्यावर तेच शब्द उच्चारण्यास कित्येक सेकंद लागतात आणि ठोसा तेवढा वेळ थांबू शकत नाही. म्हणून चित्रपटातील स्वगत बहुधा मारामारीच्या आधी, नंतर किंवा नायक उंचावरून शहराकडे पाहत असताना येते.

मुखवटा: संपूर्ण चेहरा झाकलेल्या नटाकडे आवाज आणि देहबोली एवढीच साधने उरतात. काही चित्रपट महत्त्वाच्या क्षणी मुखवटा काढून ही अडचण टाळतात. सॅम रायमी यांच्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये (२००४) रेल्वेगाडी थांबवण्याच्या प्रसंगी नायकाचा चेहरा उघडा आहे. त्याची धडपड प्रेक्षकाला शब्दांविना दिसते. 'आयर्न मॅन'मध्ये (२००८) कॅमेरा शिरस्त्राणाच्या आत गेल्याची कल्पना करून नायकाचा चेहरा दाखवला आहे.

पुनरुक्ती: चित्रकथेतील स्थिर चित्राला शब्दांची जोड आवश्यक असते. चित्रपटात हालचाल, संगीत आणि अभिनय हे काम करीत असताना तीच गोष्ट आवाजाने पुन्हा सांगितली तर परिणाम उणावतो.

रूपांतराच्या पद्धती

डायरी

'वॉचमेन'च्या झॅक स्नायडर दिग्दर्शित रूपांतरात (२००९) जॅकी अर्ल हेली यांच्या आवाजात रोरशाकची रोजनिशी ऐकू येते. रोजनिशी ही कथेतील प्रत्यक्ष वस्तू आहे. ती शेवटी एका वृत्तपत्राच्या कार्यालयात पोहोचते, त्यामुळे तोवर खासगी वाटणारे शब्द सार्वजनिक होण्याची शक्यता निर्माण होते. मॅट रीव्ह्ज यांच्या 'द बॅटमॅन'मध्येही (२०२२) रॉबर्ट पॅटिन्सन यांनी साकारलेला ब्रूस वेन आपल्या रात्रीच्या गस्तीची नोंद ठेवतो. आरंभीच्या नोंदीत तो स्वतःकडे सूड म्हणून पाहतो. पुढे एक हल्लेखोर तोच शब्द स्वतःसाठी वापरतो, तेव्हा नायकाला आपल्या भाषेचा अर्थ कळतो. शेवटच्या नोंदीत लोकांना आशेची गरज असल्याचा विचार येतो. मधल्या काळात आवाज जवळजवळ बंद असतो, म्हणून दोन टोकांच्या नोंदींतील अंतर ठळक होते.

आरंभ आणि शेवट

'स्पायडर-मॅन'च्या (२००२) सुरुवातीला आणि शेवटी पीटर पार्करचा आवाज येतो. मधली कथा दृश्यांतून पुढे सरकते. याच चित्रपटात खलनायक नॉर्मन ऑस्बोर्न आरशातील प्रतिमेशी बोलतो. एका मनातील दोन बाजूंचे स्वगत येथे संवादाच्या रूपात मांडले आहे.

दुसऱ्याचे नाव घेऊन बोलणे

'स्पायडर-मॅन २'मध्ये शक्ती गमावत चाललेला पीटर डॉक्टरांकडे जातो आणि आपली व्यथा मित्राला पडलेले स्वप्न म्हणून सांगतो. चित्रकथेत विचारफुग्यांत मावला असता तो मजकूर येथे नेहमीच्या संभाषणात आला आहे. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असते, डॉक्टरांना नसते. त्यामुळे एकच वाक्य एकासाठी प्रकाश व दुसऱ्यासाठी स्वगत ठरते.

मनातील दुसरा आवाज

'व्हेनम'मध्ये (२०१८) टॉम हार्डी यांनी पत्रकार एडी ब्रॉक आणि त्याच्या शरीरात राहणारा परग्रहवासी या दोघांनाही आवाज दिला आहे. मनातला विचार येथे स्वतंत्र पात्र झाला आहे. 'द फँटम' (१९९६) या वेताळावरील चित्रपटात नायकाला दिवंगत पित्याचे दर्शन होते. पॅट्रिक मॅकगूहन यांनी साकारलेला हा पिता नायकालाच दिसतो आणि त्याच्याशी बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मुखवट्याचे ओझे सांगण्यासाठी ही योजना अनुरूप आहे.

प्रेक्षकाशी बोलणे

'डेडपूल'मध्ये (२०१६) रायन रेनॉल्ड्स यांनी साकारलेला नायक कथा थांबवून प्रेक्षकांशी बोलतो आणि आपण चित्रपटात असल्याची जाणीव दाखवतो. मूळ चित्रकथांतील त्याच्या विनोदी आत्मसंवादाला चित्रपटात थेट संबोधनाचे रूप मिळाले.

विश्वासू पात्र

क्रिस्टोफर नोलन यांच्या तीन बॅटमॅनपटांत (२००५–१२) नायकाच्या पार्श्वस्वरावर कथा उभी नाही. आल्फ्रेड, रेचल आणि ल्युशियस फॉक्स यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून त्याचे मन कळते. या पद्धतीत नायकाचा एकांत कमी होतो. मात्र त्याच्या निर्णयाला विरोध करणारे कोणीतरी समोर असते.

पडद्यावरील अक्षरे

'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) या सचेतपटात कोळी चावल्यानंतर माइल्स मोरालेसचे विचार पडद्यावर चौकटींत उमटू लागतात. चित्रकथेची खूण चित्रपटाने जशीच्या तशी घेतली आणि तिला कथेत कारणही दिले: अंगात आलेल्या बदलामुळे नायकाला स्वतःचे विचार फार मोठ्याने ऐकू येत असतात.

मुंबई आणि महाराष्ट्राशी संबंधित उदाहरणे

पवित्र प्रभाकर हा स्पायडर-मॅनचा भारतीय अवतार २००४ मध्ये चित्रकथेतून आला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग हे त्याचे निर्माते होत. मूळ कथेत पवित्र हा खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला मुलगा आहे. भीमकाका आणि मायाकाकू यांच्यासह तो शहरात राहतो आणि एका योग्याकडून त्याला शक्ती मिळते. 'स्पायडर-मॅन: अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) या सचेतपटात तो पडद्यावर आला. तेथे त्याचे शहर मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेले 'मुंबॅटन' आहे. इंग्रजीत करण सोनी यांनी, तर हिंदी व पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिल यांनी त्याला आवाज दिला. या चित्रपटमालेत प्रत्येक स्पायडर-नायक आपली ओळख प्रथमपुरुषी निवेदनातून करून देतो आणि पवित्रही त्याला अपवाद नाही. मूळ चित्रकथेतील बुजऱ्या मुलाऐवजी येथे आत्मविश्वासाने घडाघडा बोलणारा तरुण दिसतो. ज्याच्यावर अजून मोठे दुःख कोसळलेले नाही, असा तो नायक असल्याचे त्याच्या बोलण्याच्या सुरावरूनच कळते.

'फास्टर फेणे' (२०१७) हा आदित्य सरपोतदार दिग्दर्शित मराठी चित्रपट भा. रा. भागवत यांच्या किशोरकथांवर आधारित आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे याच्याकडे अतिमानवी शक्ती नाही. चपळाई आणि चौकस बुद्धी हीच त्याची साधने आहेत. तरीही साहित्यातील धाडसी नायकाचे मन पडद्यावर कसे आणावे, हा प्रश्न येथेही लागू होतो. अमेय वाघ यांनी बनेशची भूमिका केली. दिलीप प्रभावळकर यांनी भा. रा. भागवत हेच पात्र साकारले असून, लेखक स्वतःच कथेत वावरत असल्याने नायकाला बोलण्यासाठी माणूस मिळतो. बनेशचा 'ट्टॉक्' हा उद्गार त्याची ओळख आहे. विचार शब्दांत न सांगता त्याची चाहूल देणारा हा आवाज स्वगताचे अत्यंत लहान रूप मानता येईल.

निखिल महाजन दिग्दर्शित 'बाजी' (२०१५) या मराठी चित्रपटात श्रेयस तळपदे यांनी मुखवटाधारी लोकनायकाची भूमिका केली. हे रूपांतर नाही, तथापि मराठीत सुपरहिरोपटाचा प्रयत्न म्हणून त्याचा उल्लेख होतो.

'भावेश जोशी सुपरहिरो' (२०१८) हा विक्रमादित्य मोटवाने यांचा हिंदी चित्रपटही स्वतंत्र कथेचा आहे. मुंबईतील पाणीचोरी हा त्याचा विषय आहे. यातील तरुण तोंडावर कागदी पिशव्या चढवून 'इन्साफ टीव्ही' या नावाने चित्रफिती तयार करतात आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. मनात ठेवायचे ते जाहीरपणे, पण चेहरा लपवून सांगण्याचा हा प्रकार स्वगताच्या नेमका उलट आहे: शब्द सर्वश्राव्य आहेत आणि बोलणारा अज्ञात आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांपैकी १८९२ मध्ये बांधून पूर्ण झालेला तानसा, तसेच भातसा हे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. चित्रपटाचे कथानक शहरातील टोकावर केंद्रित असल्याने जलवाहिनीच्या उगमाकडच्या माणसांचे मनोगत त्याच्या कक्षेबाहेर राहते. प्रथमपुरुषी आवाज ज्याला दिला जातो त्याच्याच नजरेतून अन्याय दिसतो, ही या तंत्राची मर्यादा येथे लक्षात येते.

वासन बाला यांच्या 'मर्द को दर्द नहीं होता' (२०१८) या मुंबईत घडणाऱ्या हिंदी चित्रपटात अभिमन्यू दासानी यांनी साकारलेल्या सूर्याला जन्मतः वेदना जाणवत नाहीत. त्याचे प्रथमपुरुषी कथन चित्रपटभर साथ करते. ठोसा लागल्यावर चेहऱ्यावर कळ उमटत नसल्याने नायकाला आत काय वाटते हे सांगण्याचे काम आवाजाकडे येते.

मराठी भाषांतरातील प्रश्न

'अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. स्वगताचे भाषांतर संवादाच्या भाषांतरापेक्षा एका बाबतीत सोपे असते. ओठ दिसत नसल्याने शब्द ओठांच्या हालचालीशी जुळवावे लागत नाहीत. केवळ दृश्याची लांबी सांभाळावी लागते. मात्र मराठी व्याकरणामुळे काही वेगळे प्रश्न निर्माण होतात.

इंग्रजी प्रथमपुरुषी वाक्यातून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते', 'मी आलो' आणि 'मी आले' अशी रूपे वेगळी होतात. मुखवट्याआडची व्यक्ती स्त्री की पुरुष हे रहस्य राखायचे असल्यास भाषांतरकाराला 'मी दार उघडले' यासारखी सकर्मक भूतकाळी किंवा 'मी जाईन' यासारखी भविष्यकाळी रचना निवडावी लागते, कारण त्यांत बोलणाऱ्याचे लिंग प्रकट होत नाही.

दुसरा प्रश्न 'आपण' आणि 'आम्ही' यांचा आहे. एका देहात दोन जीव असलेला व्हेनम स्वतःचा उल्लेख अनेकवचनात करतो. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत तो एडीशी बोलत असेल तर 'आपण' आणि परक्याला दरडावत असेल तर 'आम्ही' असा भेद करावा लागतो. त्यामुळे वाक्य कोणाला उद्देशून आहे हे भाषांतरात अधिक स्पष्ट होते.

स्वगताची भाषाशैली हा तिसरा प्रश्न होय. प्रमाण लेखी मराठीत केलेले स्वगत वाचनासारखे वाटते, तर बोलीत केलेले पात्राच्या घराची, गावाची व वयाची ओळख सांगते. स्वतःशी बोलताना माणूस 'मी' म्हणतो, स्वतःला 'तू' म्हणून दटावतो किंवा स्वतःचे नाव घेतो. यांपैकी कोणती रीत निवडली यावर पात्राचे स्वतःशी असलेले नाते अवलंबून असते.

टीका आणि नैतिक प्रश्न

पार्श्वस्वर हे पटकथेतील उणिवा झाकण्याचे साधन आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर' (१९८२) या विज्ञानपटातील नायकाचा पार्श्वस्वर १९९२ च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. तो सुपरहिरोपट नसला तरी आवाज काढल्यानंतर तीच दृश्ये वेगळी कशी वाटतात याचे उदाहरण म्हणून त्याचा आधार घेतला जातो. याउलट, नायक जे करतो त्याच्याशी विसंगत असे काही स्वगत सांगत असेल, तर ते पुनरुक्ती ठरत नाही, असे समर्थन केले जाते.

अधिक गंभीर प्रश्न सहानुभूतीचा आहे. मुखवटाधारी नायक कायदा हाती घेतो. त्याची चौकशी करणारे न्यायालय कथेत बहुधा नसते. त्याच्या मनात काय चालले आहे हे केवळ प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे त्याच्या हिंसेचा निवाडा करण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते. ज्याचे विचार सतत कानावर पडतात त्याची बाजू खरी वाटू लागते. 'वॉचमेन'मधील रोरशाकचे शब्द कठोर आणि तिरस्काराने भरलेले आहेत, तरीही त्याच्या रोजनिशीमुळेच कथेत प्रवेश मिळत असल्याने वाचक आणि प्रेक्षक त्याच्या जवळ ओढले जातात. त्याच्या हातून मार खाणाऱ्यांना असा आवाज मिळालेला नसतो. 'द बॅटमॅन'मध्ये हीच जवळीक नायकाविरुद्ध वापरली आहे. त्याच्या सूडाच्या भाषेशी समरस झालेल्या प्रेक्षकाला तीच भाषा गुन्हेगाराच्या तोंडून ऐकावी लागते.

त्यामुळे सुपरहिरोपटातील स्वगताचे मूल्यमापन करताना ते श्रवणीय आहे की नाही एवढाच निकष पुरेसा ठरत नाही. बोलणारा स्वतःला फसवत आहे का, त्याचे बोलणे कथेत कोणी तपासून पाहते का आणि ज्यांना आवाज दिलेला नाही त्यांचे काय होते, हेही पाहावे लागते.

हेही पहा

• स्वगत
• नाट्यशास्त्र
• नटसम्राट
• इंद्रजाल कॉमिक्स
• फास्टर फेणे
• तानसा धरण